आण्णांच्या चेहऱ्यावरचे दोन पट्टे

हॅलो? … हां, गुलशन फोटो स्टुडिओच, बोला… कोण? … नौमानभाई? अरे कुठं होतास तू. तुझ्या रूमवरच्या मुलाकडं निरोप ठेवून ठेवून माझा घसा बसला…

नाही, अम्मी बरी आहे. अब्बा पण बरे आहेत. आधी ऐक ना…

घरचं कुणी नाही रे. आण्णा. … आकारामकाकांचे आण्णा. आपल्या शेजारचे, फ्रेमवाले आकारामकाका, त्यांचे वडील. सकाळपासून सापडत नाहीत.

सापडत नाहीत म्हणजे सापडत नाहीत. आंघोळ करून, नवा सदरा घालून, फेटा बांधून दारात बसले होते. मीनाकाकू आत पुरण वाटत होत्या. बाहेर येऊन बघतात तर खुर्ची रिकामी… हो, चपला घालून गेलेत. काठी इथंच.

अरे हल्ली फार विसरतात ते. तू गणपतीत आलतास त्यापेक्षा जास्त. परवा मला विचारलं, कुणाची गं तू. म्हटलं, मी मेहक, चमनभाईंची. तर म्हणाले, चमनला पोरगी कधी झाली, आत्ता तर त्याचं लगीन झालं…

हसू नको. काकू माझ्या शेजारी बसल्यात. … मीनाकाकू. हो, म्हणून तर मराठीत बोलतेय. आपल्या घरातलं बोलायला लागले की त्यांना वाटायचं, काहीतरी लपवतेय पोरगी.

काकू, नौमानभाई आहे. पुण्यातनं. … हो, तोच, हा स्कॅनर बसवून गेला तो. आता होईल सगळं, बसा तुम्ही.

हां, बोल. … नाही, अब्बा नाहीत. दसरा चौकात गेलेत, सोनं लुटायचे फोटो काढायला. रोजा पण तिथंच सोडणार, खजूर कॅमेऱ्याच्या बॅगेत घेऊन गेलेत. … लावला की. त्यांचा मोबाईल इथं ड्रॉवरमध्ये वाजतोय.

मी? माझा पण रोजा आहे. म्हणून तर घसा बसलाय म्हटलं ना. तुझा आहे का? … बरं बरं, ते नंतर.

ऐक. आकारामकाका चौकीत जाऊन आले. हवालदारांनी विचारलं, दिसायला कसे आहेत. काका म्हणाले, पांढरी मिशी, पांढरा सदरा, धोतर, फेटा. हवालदार काय म्हणाले माहितीये? "पावणं, आज दसरा हाय. तिन्हीसांजंला चौकात निम्मी माणसं असलीच दिसत्यात. फोटो आणा." आता तिन्हीसांज व्हायला किती वेळ राहिलाय सांग. एकदा ती गर्दी सुरू झाली की त्यातनं म्हातारा माणूस कसा शोधायचा…

आहे की घरात फोटो. काळ्या मिशीचा. लंगोट लावलेला, हातात गदा. तो दाखवून कोण ओळखणार त्यांना.

बरोबर. मला पण तेच सुचलं. मे महिन्यात पेठ वडगावला लग्न झालं ना, काकूंच्या पुतणीचं? ते अब्बांनी काढलेलं. अल्बम गेला मुलीच्या सासरी, पण निगेटिव्ह आपल्याकडंच. मी सगळी पाकिटं उपसली. मिळाली. नुसता चेहरा आहे रे, अगदी जवळनं काढलेला. आण्णा हसतायत.

लॅब बंद. … सगळ्या बंद. सायकलवर फिरून आले मी. मशीनला हार घालून, कुलूप लावून गेलेत सगळे. दसऱ्याला कोण बसतंय.

म्हणून मीच म्हटलं, आपला स्कॅनर आहे की. मोठ्या तोऱ्यात म्हटलं रे. काकू, तुम्ही चहा प्या, तेवढ्यात फोटो देते. काकूंनी चहा पण नाही घेतला आणि फोटो पण नाही दिला मी.

पट्टे येतायत, भाई.

पट्टे. … आडवे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन. एक डोळ्यांवरनं जातो आणि एक मिशीवरनं. मधे नाक तेवढं स्वच्छ. नाकावरनं कोण ओळखणार माणूस?

बारीक नाहीत, चांगले रुंद. बँडेज बांधल्यासारखे दिसतायत आण्णा. … रंग? थांब, बघून सांगते. डोळ्यांवरचा पिवळट. मिशीवरचा लालसर.

मी काय काय केलं? सगळं केलं. डीपीआय कमी केलं, वाढवलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. यूएसबीची वायर काढून मागच्या खाचेत घातली. वायरला नमस्कार पण केला. … चेष्टा नाही करत, खरंच केला.

निगेटिव्हलाच डाग? मला पण तीच भीती वाटतेय. बल्बसमोर धरून बघितली, मला तरी काही दिसत नाही. पण मला दिसत नाही म्हणजे नसेलच असं थोडंच आहे… भाई, ती खराब असली तर संपलंच की सगळं. दुसरा फोटोच नाही त्यांचा.

काय करू? … उलटी? म्हणजे पालथी? … हां, पालथी नाही, टोकाकडनं फिरवून. खालचं टोक वर. बरं. थांब, फोन खांद्यात धरते. ही वायर पुरत नाही टेबलापर्यंत, सगळी ताणलीये…

काकू, जरा सरकता का? … नाही हो, फोन पडला तर पडू दे, तुम्ही धरू नका, आवाज कमी येतो मग.

घातली. झाकण लावलं. सुरू केलं… ऐकू येतंय तुला? करकर करतोय. अब्बा म्हणतात, जात्यावर दळतोय तुझा स्कॅनर. … नाही, आज काही म्हणाले नाहीत, त्यांना माहितीच नाही.

येतोय… हळूहळू येतोय… पट्टे आहेतच. आता आण्णा डोक्यावर उभे आहेत, नि पट्टे आहेतच.

थांब, सरळ करते चित्र. … अरे. भाई, रंग बदलले. आता डोळ्यांवर लाल आलाय आणि मिशीवर पिवळा.

म्हणजे काय? … हो… हो, निगेटिव्ह फिरली पण पट्टे नाही फिरले… म्हणजे ते निगेटिव्हवर नाहीतच? मशीनमध्ये आहेत?

काकू, निगेटिव्ह चांगली आहे. … हो, आण्णांचा फोटो चांगला आहे, मशीनमध्ये काहीतरी आहे. … नाही, रडू नका ना. चांगलंच सांगतेय मी.

भाई, पण मशीन बिघडलं असेल तर? आज कोण येणार दुरुस्त करायला? तू फोनवरनं करणारेस? … मी ओरडत नाहीये. माझा आवाजच तसा आहे.

बरं, विचार. … साधा कागद? साधा स्कॅन करून बघू? शाळेचं ओळखपत्र आहे दप्तरात. थांब… ते निगेटिव्ह धरायचं होल्डर काढून ठेवू? … हां, बाजूला ठेवलं, अलगद. … करतेय.

स्वच्छ आलं. एक पट्टा नाही. माझा फोटो तेवढा भुतासारखा आहे, पण तो आधीपासनंच तसा.

म्हणजे नुसत्या निगेटिव्हलाच येतात पट्टे. … मग? झाकणातला दिवा? लागतोय की. पांढरा शुभ्र लागतोय… नाही, लुकलुकत नाही.

काच पुसलीये. … हो रे, चष्म्याच्या फडक्यानं पुसलीये. होल्डर पण पुसलं. दोनदा.

थांब एक मिनिट. काकू, काय? … कोण, आकारामकाका? कुठं… ते नाहीत काकू, तो पलीकडच्या गल्लीतला आहे, हिरवी लुना तर त्याची आहे. काकांची काळी ना.

काही नाही भाई. काकूंना वाटलं, काका आले. ते रंकाळ्याला बघून आले मघाशी, आता परत गेलेत, अंबाबाईच्या देवळाकडं. देवळात पण आज पाय ठेवायला जागा नाही. अम्मी त्यांच्या घरात बसलीये, आण्णा आपणहून आले तर दार उघडं पाहिजे म्हणून.

हां, विचार लवकर. … शेवटचा चांगला कधी चालला? परवा. परवा मी तीन निगेटिव्ह काढल्या, एकदम काचेसारख्या. … काल? काल काही केलंच नाही. काल खंडेनवमी, दुकानातल्या सगळ्या वस्तू मांडून ठेवलेल्या, हात कोण लावतंय… नाही, पडला नाही. उचलला पण नाही कुणी. कॅमेरे, फ्लॅश, कटर, हा स्कॅनर, सगळं जागच्या जागी.

होल्डरमध्ये खाच? कुठली खाच? … वरच्या अंगाला, निगेटिव्हच्या डोक्याशी… हां, एक रिकामी चौकोनी खिडकी आहे, तीच ना? मला वाटलं, कंपनीनं उगाच ठेवलीये.

काय करतं ती? … हळू सांग, मला कळू दे. … म्हणजे स्कॅन सुरू करायच्या आधी मशीन त्या खिडकीतनं उजेड बघून घेतं… उजेड एवढा आहे, असं मनात धरतं… आणि तिथं काही आडवं आलं तर त्याला वाटतं, इथं उजेड कमी आहे, म्हणून खालपर्यंत त्या जागी ते जास्त उजेड धरतं. … मग पट्टा येणार. आणि चेहरा होल्डरमध्ये आडवा बसतो, म्हणून आपल्याला पट्टे आडवे दिसतात. आलं लक्षात. चुकीचं माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखं. एकदा माप चुकलं की खालपर्यंत चुकतच जाणार.

नाही. माझ्या खिडकीत काही नाही.

अरे बघितलंय मी. कचरा नाही, केस नाही, धूळ नाही. हळद-कुंकू आहे तेवढं.

… का ओरडतोस?

हळद-कुंकू म्हणजे हळद-कुंकू. एक बोट हळदीचं, एक बोट कुंकवाचं. काल पूजा झाली ना. आकारामकाका दरवर्षी आपल्या दुकानातलं पण करतात, तुला माहितीये की. त्यांच्या करवतीला लावतात, मग आपल्या कॅमेऱ्यांना. ह्या वर्षी स्कॅनर नवीन म्हणून आधी त्याला लावलं. मला विचारून लावलं. म्हणाले, "मधी फोटू बसतोय न्हवं तुझा, तितं नगं. ही वरची खिडकी मोकळी हाय, हितं लावतो." मीच म्हटलं, हो काका, तिथं लावा.

अरे दिसत होतं मला. होल्डर ठेवलं की बरोबर त्या खिडकीतनं दिसतं. पण ती पूजा आहे. ती कशी पुसायची? काच पुसताना त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवलं मी. नीट, जपून. एक कण हलू दिला नाही.

… पिवळा आणि लाल.

भाई. पिवळा आणि लाल.

मला गाढव म्हण. म्हण, म्हण. दुपारपासनं मी हळदीकडं बघतेय आणि पट्ट्याकडं बघतेय…

पुसू? … मला कळतंय पुसायला पाहिजे. पण आज दसरा आहे रे. काकांनी हातानं लावलंय, त्यांचेच आण्णा सापडत नाहीत, आणि आजच मी ते पुसायचं? काकूंना काय वाटेल? वर आपण… तू समजून घे ना. नाही, त्या तसल्या नाहीत. तसल्या नाहीत म्हणूनच मला…

काकू, काय झालं? तुम्ही उठलात का? … हो, ते… तिथंच आहे, त्या काचेवर. त्याच्यामुळं मशीनला नीट दिसत नाही, भाई म्हणतोय. … नाही, काकांची चूक नाही हो, मीच तर…

काकू, पदर नको. काकू थांबा, पदरानं नको, काचेला चरे पडतील. पदर जरीचा आहे. हे घ्या, हे फडकं घ्या.

… भाई, काकू पुसतायत.

त्याच पुसतायत. म्हणतायत, "माणूस घरात न्हाय आन् मशीनला कुक्कू कशाला. म्हातारा गावू दे आधी, मग पायजे तेवढं लाव म्हणावं."

हो. … बघतेय मी. बोल.

पाणी थेट नको, कळलं. फडक्यावर थेंबभर लेन्सचं पाणी. काकू, द्या इकडं, शेवटचं मी करते. कुंकू गेलं लगेच. हळद चिकट आहे, कडेनं सरकतेय… आलं. फडकं पिवळं झालं, भाई. थोडं आहे बाजूला. अजून एकदा.

ठेवलं होल्डर. निगेटिव्ह परत पहिल्यासारखी सुलटी घातली. झाकण… हळू लावलं. स्कॅन. बिस्मिल्ला.

करकर करतोय.

बोल ना काहीतरी तू. गप्प बसलास की मला भीती वाटते. … जेवणाचं काय सांगतोस, रोज्याचं माणूस आहे मी. दुसरं काहीतरी बोल. … सबमिशनचं नको. … बरं, काहीच नको बोलू.

स्कॅन झालं, चित्र वरनं उघडतंय. फेटा आला. फेटा स्वच्छ आहे. कपाळ… कपाळ स्वच्छ… डोळे…

पिवळा आहे अजून. फिकट झालाय, पण आहे. लाल गेला. लाल गेला, भाई, मिशी सगळी दिसतेय. डोळ्यांवर तेवढं पिवळट धुकं.

चालेल का एवढं? … मला पण नाही वाटत. डोळेच तर पाहिजेत. हवालदार आधी डोळे बघणार.

काकू, एकदा परत. एकदाच. हळद राहिलीये थोडी. … हो, तिन्हीसांज होत आली, मला दिसतंय बाहेर. पण अर्धा चेहरा घेऊन जाऊन काय करणार? दोन मिनिटं.

भाई, बॅटरी लावून बघते. … हां, हां, दिसलं. खिडकीच्या अगदी कोपऱ्यात, होल्डरच्या खाली सरकलेली. मीच पुसताना ढकलली असणार. … आली. आली सगळी. आता काहीच नाही. बोट फिरवून बघू? … नको, बोट नको, बरोबर.

चालू केलं. ह्या वेळी मी बघतच नाही. काकू, तुम्ही बघा आणि सांगा.

… काकू?

… भाई, काकू स्क्रीनवर हात फिरवतायत. थांब, मीच बघते.

स्वच्छ आहे. सगळा स्वच्छ. आण्णा हसतायत. खालचा एक दात नाही, तो पण दिसतोय. काकू, बघा ना… हो, लग्नात कुणीतरी चेष्टा केली असणार. … काय? "मीठ जास्त झालंय म्हणत हुतं, आन् चार येळा घेतलं"? … भाई, काकू हसल्या. सकाळपासनं पहिल्यांदा.

प्रिंट. हो, प्रिंट देते. कागद कुठला? … चकचकीत संपलाय, साधा जाडा आहे. चालतंय. ह्याच्या मागं फोन नंबर पण लिहिता येईल… एक आधी. मग बाकीच्या.

निघतोय. केवढा सावकाश. एक रेघ, मग विचार करतो, मग दुसरी रेघ. … ओढू नको म्हणतोस, ओढत नाहीये, नुसता हात धरलाय खाली.

आला. ओला आहे. काकू, कडेला धरा, मधे बोट लावू नका, शाई पुसेल. … कुठं निघालात? … काकू, दुसरी कॉपी… गेल्या.

समोर गेल्या, रिक्षावाल्यांकडं. सकाळी पण विचारलं होतं त्यांना. तेव्हा म्हणाले होते, फेटेवाले म्हातारे सकाळपासनं लई सोडलेत काकू, त्यातला तुमचा कुठला सांगायचा.

मला दिसतंय की दारातनं. वायर इथपर्यंत पुरते. … दाखवतायत. एकानं मान हलवली. नाही म्हणतोय. दुसऱ्यानं हातात घेतला… त्यानं पण परत दिला. तिसरा झोपलाय रिक्षात, पाय बाहेर टाकून… काकूंनी त्याचे पाय हलवले.

उठला. बघतोय. भाई, तो लांब धरून बघतोय.

उभा राहिला तो. बोलतोय काहीतरी. हात करतोय असा… स्टँडच्या दिशेला करतोय. काकूंनी तोंडाला पदर लावला. भाई, मला ऐकू येत नाही, ही उसाची ट्रॉली नेमकी आत्ताच…

काकू, काय म्हणतोय तो? … काय? … वाडीला?

भाई, ऐक. त्यानं आण्णांना सोडलं. सकाळी. आण्णा त्याला म्हणाले, वाडीला जायचंय. हां, नृसिंहवाडी. त्यानं एसटी स्टँडवर नेलं आणि स्वतः वाडीच्या गाडीत बसवून दिलं. म्हणतोय, "लई शानं बोलत हुतं की वो, मला वाटलं, दत्ताला निघाल्यात." फोटो बघितल्याबरोबर ओळखलं त्यानं. फेट्यावरनं नाही. दातावरनं. रिक्षात पण हसत होते म्हणे, असेच.

तर इथं शोधतायत सगळे. रंकाळा, देऊळ, चौक. आणि आण्णा सकाळपासनं वाडीला.

पाणी आहे रे तिथं. घाट आहे. … नाही, नाही, मी तसं म्हणत नाही. तू पण म्हणू नको.

काकू, तुम्ही जा. त्याच्याच रिक्षात जा, स्टँडपर्यंत तरी. … हो, काकांना मी सांगते, ते परत इथंच येणार ना. … ही कॉपी घ्या, ती राहू दे त्याच्याकडं. … जा तुम्ही, पुरण अम्मी बघेल.

गेल्या, भाई. … हो, एकट्याच. तो रिक्षावाला म्हणाला, स्टँड कशाला, जयसिंगपूरपर्यंत सोडतो. मग म्हणाला, जाऊ दे, वाडीपर्यंतच सोडतो.

ऐक, आता ठेव तू. मला वाडीला फोन लावायचाय. … ते पेढेवाले नाहीत का, घाटाच्या वरच्या अंगाला? अब्बांनी त्यांच्या दुकानाचा फोटो काढला होता, पाटीवर नंबर आहे. त्यांना सांगते, घाटावर माणूस पाठवा. काकू पोचेपर्यंत अंधार पडेल.

फोटो त्यांना कसा दिसणार? … नाही दिसणार. माझ्यासमोर आहे ना. मी सांगीन.

सांगता येईल. दुपारपासनं तेच बघतेय मी, भाई. डाव्या भुवईत कापल्याची खूण आहे, तिथं केस उगवत नाहीत. उजवा डोळा जरा बारीक. दोन्ही कान चुरगळलेले, तालमीतले. खालचा मधला दात नाही. मिशीचं डावं टोक वर जातं, उजवं जात नाही. काकूंना नव्हतं सांगता आलं. काकांना पण नाही.

हो, आणि हाक मारताना आण्णा म्हणू नका, असं पण सांगते. तात्या म्हणा. तालमीत त्यांना तात्या म्हणायचे, त्या नावाला वळून बघतात अजून.

… अजून एक कॉपी निघतेय, तिचा आवाज येतोय तो. थांबवू?

… नको. निघू दे. आण्णा आले की काका फ्रेम करतील.

हो, कळवते. … रोजा सोडते, पाणी आहे इथं. … भाई, ठेव की आधी. ठेव. लाइन मोकळी कर.